अर्धा फेरा सैल

माझ्या थोरल्या बहिणीचा विषय निघाला की लोक आधी "बिचारी" म्हणतात, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. बिचारी कशाने? एकतीस वर्षं ती हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात उभी होती. दोनशे आजारी माणसांचं दोन वेळचं जेवण. त्यात कुणाला मीठ बंद, कुणाला साखर बंद, कुणाला नुसतं पातळ, आणि सगळं तिच्या डोक्यात, कागदावर काही नाही. नाक असं, की पलीकडच्या शेगडीवरचं पातेलं खाली लागायच्या आत ही इकडून ओरडायची, "हलव ते!" निवृत्तीच्या दिवशी बाकीच्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळतं. हिला तिथल्या बायकांनी मिळून ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा दिला. घरी येऊन म्हणाली, "बरं झालं घड्याळ नाही दिलं. आता कुठे वेळेवर पोचायचंय?"

मी तिची धाकटी बहीण. सव्वीस वर्षं औषधांच्या कारखान्यात होते, पातळ औषधाच्या बाटल्यांच्या पट्ट्यावर. झाकण मशीन लावायचं आणि मी हाताने तपासायचे. ढिलं सापडलं की मनगटाने आवळायचं. ढिलं झाकण म्हणजे माल परत, आणि माल परत म्हणजे वरपासून खालपर्यंत बोंबाबोंब. माझ्या हाताखालून एकही ढिलं झाकण गेलं नाही, एकही. तिथे मला सगळे "पाना" म्हणायचे. ताईनेही तेच उचललं. आता साठीला टेकले तरी मी पानाच आहे.

हे मनगटाचं आधी सांगून ठेवते, कारण सगळं रामायण तिथूनच झालं.

आठ महिन्यांपूर्वी ताईला ताप आला. आठ दिवसांनी ताप गेला, पण जाताना तिचं नाक घेऊन गेला. वासच येईना. डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू. कधीकधी नाहीही येत." हे सांगायला डॉक्टर कशाला हवा, एवढं तर मीही सांगितलं असतं! ताई मात्र काही बोलली नाही. उलट गोड झाली. मी डबा घेऊन गेले की जेवायची आणि म्हणायची, "छान झालंय गं." पन्नास वर्षांत तिने माझ्या स्वयंपाकाला कधी छान म्हटलं नव्हतं. "मिठाला घाबरतेस का?" हे तिचं ठरलेलं. आणि आता छान! मी मूर्ख, खूश होऊन घरी यायचे.

मग एका सकाळी दूध उतू गेलं, शेगडी विझली, गॅस तसाच चालू राहिला. ताई त्याच खोलीत भाजी निवडत बसली होती. तिला पत्ता नाही. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला जिन्यात वास आला, तो धावत वर आला, खिडक्या उघडल्या, म्हणून निभावलं.

शिंप्याने तिच्या मुलाला फोन केला. हा मुलगा म्हणजे आमचे साहेब. लहानपणी इस्त्री केल्याशिवाय सदरा घालायचा नाही, तेव्हापासून साहेब. दुसऱ्या शहरात नोकरी, मोठं घर, तिसरा मजला, लिफ्ट. तो त्याच संध्याकाळी आला आणि दारातूनच म्हणाला, "आई, बास झालं. आता तू आमच्याकडे."

"मी माझ्या घरात आहे," ताई म्हणाली.

"घरात आहेस, पण शुद्धीवर आहेस का?"

असं बोलला तो, स्वतःच्या आईला! मी उठलेच होते, पण ताईने माझा हात धरून खाली बसवलं. शेवटी तह झाला. शेगडीजवळ गॅसचा अलार्म बसवायचा. महिनाभर बघायचं. त्या महिन्यात एक जरी गडबड झाली, तर ताईने हट्ट सोडायचा, सामान बांधायचं आणि निमूट जायचं. घर रिकामं करून देऊन टाकायचं. ताईने "बरं" म्हटलं. आणि ताईने एकदा बरं म्हटलं की मग वरून कुणी आला तरी ती शब्द फिरवत नाही.

आता सांगा, असा एक महिना हातात असताना शहाण्या माणसाने काय करावं? गप्प बसावं, देवाचं नाव घ्यावं. हिने काय केलं? बरण्या आणल्या!

सोमवारी मी गेले तर ओट्यावर सात काचेच्या बरण्या. कॉफीच्या, मधाच्या, सॉसच्या, जुन्या, धुऊन उलट्या घातलेल्या. बाजूला कोबी, गाजरं, मुळे, काकड्या, फ्लॉवर. मध्ये तो वजनकाटा, एरवी वर झाकलेला रुमाल काढून. फोनवरच्या व्हिडिओत कुणी दाढीवाला माणूस जोरजोरात काहीतरी समजावत होता आणि ताई त्याला मध्येच थांबवून म्हणत होती, "कळलं रे, पुढे जा."

"हे काय मांडलंयस?"

"भाज्या आंबवायच्या."

"लोणचं?"

"लोणचं नव्हे. तेल नाही, मसाला नाही. मीठ, पाणी आणि सबुरी."

"सबुरी तुझ्याकडे कधी होती?"

"म्हणून तर आता आणली," ती म्हणाली आणि कोबी काट्यावर टाकली. किलोभर कोबीला वीस ग्रॅम मीठ, मोजून. तिची बोटं सांध्यांतून वाकलीत, सुरी धड धरता येत नाही, पण कोबी अशी बारीक चिरली की मी बघत राहिले. मग मीठ लावून ती कोबी चुरायला लागली. मी म्हटलं, "दे इकडे." दहा मिनिटं चुरल्यावर कोबीला तिचंच पाणी सुटलं. ती बरणीत दाबून बसवली, वर एक अख्खं पान, आणि पानावर उकळून घेतलेला छोटा गोटा. "भाजी पाण्याखाली राहिली पाहिजे," ती म्हणाली. "वर डोकं काढलं की सडली." गाजर, मुळा, फ्लॉवर यांचे तुकडे मिठाच्या पाण्यात बुडवले, त्यांच्यावरही तसेच गोटे. झाकणं लावली तिनेच, मी तेव्हा चहा करत होते. सात बरण्या ओट्याच्या कडेला रांगेत मांडल्या आणि ताई स्टूल घेऊन त्यांच्यासमोर बसली.

मला वाटलं, बाईला खरंच काहीतरी झालंय. खोटं कशाला बोलू, वाटलं.

गुरुवारी पुन्हा गेले. ताई अंघोळीला गेली होती, दार शिंप्याने उघडलं, त्याच्याकडे चावी असते. मी ओट्यापाशी गेले. पाणी गढूळ झालेलं, बरण्यांमधून बुडबुडे वर येतायत, एका बरणीबाहेर पाणी ओघळलेलं. मी सहज एका झाकणाला हात लावला. ढिलं! दुसरं, ढिलं. सातही ढिली! सव्वीस वर्षं ज्या गोष्टीसाठी मी दुसऱ्यांना फैलावर घेतलं, ती माझ्या सख्ख्या बहिणीच्या ओट्यावर सातदा. मला वाटलं, वाकड्या बोटांनी बिचारीला झाकण लावता येत नाही. हो, मीच म्हटलं, बिचारी. आणि एकेक बरणी डाव्या हातात घट्ट धरून सातही झाकणं आवळली. माझ्या पद्धतीने, शेवटचा तो खट्ट आवाज होईपर्यंत. ओटा पुसला. हात धुतले. ताई बाहेर आली, चहा प्यायलो, मी घरी आले. तिला सांगितलंही नाही. ओटा पुसल्याचं कुणी सांगतं का, तसंच.

शनिवारी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "पाना, बरण्या गप्प झाल्यात गं."

"बरण्या काय बोलतात होय?"

"बोलत होत्या. कालपासून गप्प आहेत."

मी म्हटलं, "ताई, लवकर झोपत जा." आणि फोन ठेवला. अशी मी अक्कलवान!

रविवारी साहेब आणि सूनबाई आले, महिन्याची पाहणी करायला. तीन आठवडे झाले होते, अलार्म एकदाही वाजला नव्हता, ताईचं घर आरशासारखं लख्ख. साहेबांना खोट सापडत नव्हती म्हणून तोंड जरा उतरलेलंच होतं. आम्ही चौघं बाहेरच्या खोलीत जेवायला बसलो, आणि आतून आवाज आला. फाट! सूनबाईच्या हातातलं भांडं पडलं. आत जाऊन बघतो तर कॉफीची पातळ काचेची बरणी फुटलेली, काचा शेगडीपर्यंत उडालेल्या, भिंतीवर गाजर, जमिनीवर मिठाचं पाणी. तिथे कुणी उभं असतं तर डोळा गेला असता.

साहेबांचा चेहरा मी बघितला. घाबरलेला होता, खरं सांगायचं तर. पण घाबरलेला माणूस ओरडतो. "हे काय आहे? काय आहे हे आई? आधी गॅस, आता हे? उद्या काय, घर उडवणार?"

ताई काचांकडे बघत होती. खाली वाकून तिने झाकण उचललं. ते अजून काचेच्या गळ्याला चिकटलेलं होतं, हलत नव्हतं. तिने ते उलटसुलट केलं आणि हळूच म्हणाली, "मी अर्धा फेरा सैल ठेवली होती सगळी. आतला वायू बाहेर जायला लागतो. अर्धा फेरा सैल. मी ठेवली होती..."

"ठेवली होतीस तर फुटली कशी?"

"मग आवळली असतील मीच," ती म्हणाली. "आठवत नाही मला."

मला त्या क्षणी सगळं कळलं. बुडबुडे, ओघळलेलं पाणी, शनिवारचा फोन, सगळं. आणि मी काय केलं? खराटा घेतला आणि काचा गोळा करायला लागले. एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते, शिंपीसुद्धा म्हणतो. त्या दिवशी टाळ्याला चिकटली. मनात म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. सव्वीस वर्षं एक झाकण चुकलं नाही, ते आता सूनबाईसमोर चुकलं म्हणायचं? आज बोलायला नको, साहेब तापलाय, उद्या बोलू.

उरलेल्या सहा बरण्या साहेबांनी गॅलरीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवल्या, वर पोतं टाकलं. "हात लावायचा नाही. गुरुवारी खोकी घेऊन येतो." ताईने "बरं" म्हटलं.

सोमवारी मी बोलले नाही. मंगळवारी गेले तर ताईने शेगडीच्या बटणांवर कागद चिकटवले होते, "बंद केलं का?" असं लिहून. दाराच्या आतल्या बाजूला आणखी एक, "चावी?" मला म्हणाली, "पाना, मी कधी उठून आवळली असतील गं झाकणं? झोपेत चालते का मी?" मी म्हटलं, "असू दे आता." असू दे! बुधवारी तिने मला दोनदा विचारलं, आज वार कोणता. तिला वार माहीत होता. ती ताडून बघत होती, आपलं डोकं ठिकाणावर आहे का ते. आणि मी तिच्यासमोर बसून चहा पीत होते. मला अजूनही माझाच असा संताप येतो की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. साहेबाने तिचं घर काढून घेतलं असतं, मी तर तिचा स्वतःवरचा भरवसा काढून घेत होते. तोही कशासाठी, तर माझ्या मनगटाच्या अब्रूसाठी!

गुरुवारी साहेब आणि सूनबाई खोकी घेऊन आले. ताई जमिनीवर बसून वाट्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती, शहाण्या मुलीसारखी. मग तिने वजनकाटा घेतला, त्यालाही कागद गुंडाळला, आणि साहेबांना विचारलं, "हा नेऊ का रे? तिथे लागेल का मला?"

साहेब म्हणाले, "तिकडे तुला काही करायचंच नाहीये, आई."

माझा बांध तिथे फुटला. "ठेव तो काटा खाली!" मी ओरडले. "झाकणं मी आवळली. त्या गुरुवारी. सातही. मी!"

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. साहेब हसला, समजूतदार हसू, मला त्या हसण्याची चीड आहे. "मावशी, तिची बाजू घ्यायची म्हणून खोटं बोलू नकोस. मला कळतं, तुला तिच्याशिवाय करमणार नाही."

"खोटं? थांब तू." मी गॅलरीत गेले, पोतं फेकून दिलं आणि जाड काचेची मधाची बरणी आणली. झाकण वर फुगलेलं होतं. फडक्यात गुंडाळून मोरीत त्याच्या हातात दिली. "उघड."

"कशाला?"

"उघड म्हणते ना!"

त्याने जोर लावला. पुन्हा लावला. दोन्ही हातांनी, दात ओठ खाऊन, कानापर्यंत लाल होऊन. झाकण हललं नाही. दारात उभी असलेली सूनबाई खुदकन हसली, आणि लगेच गप्प झाली.

"तुझ्याच्याने उघडत नाही," मी म्हटलं. "आता तुझ्या आईची बोटं बघ. मधाची बाटली ती शिंप्याकडून उघडून घेते. दोन वर्षं झाली. बाटल्या उघडायचं ते हत्यार तूच आणून दिलंयस ना तिला? मग ही झाकणं तिने आवळली? कुठल्या हातांनी? उचलली जीभ लावली टाळ्याला! तिने सगळं बरोबर केलं होतं. चुकले ते मी."

साहेबांनी आईच्या हातांकडे बघितलं. मग खोकं पायाने बाजूला सारून ते भिंतीला टेकले.

मी बरणी घेतली आणि झाकण जरासं फिरवलं. आतून फुस्सकन वायू सुटला, थांबायलाच तयार नाही. फेस वर आला, फडकं भिजलं. ताईने मान वर केली. सूनबाईच्या हाताला धरून उठली, चमचा धुऊन घेतला आणि मुळ्याची एक चकती काढून तोंडात टाकली. कर्रकन आवाज झाला. ती डोळे मिटून चावत राहिली.

"आई, खाऊ नकोस ते," साहेब म्हणाले.

"गप्प बस," ती म्हणाली. सात महिन्यांनी मी तिचा तो स्वयंपाकघरातला आवाज ऐकला. "सात महिने तुम्ही जे वाढता ते मी छान म्हणून गिळते. मला चव नाही कशाची. वास गेला त्याबरोबर गेली. कांदा काय, सफरचंद काय, चावलं की सारखंच. जिभेला कळतं ते फक्त गोड, खारट, कडू, आंबट. आणि आंबट हे असं आहे, की रोज वेगळं लागतं. गेल्या आठवड्यात कोवळं होतं. आज भरलंय. एवढं एकच करताना मला कळतं, की झालं की नाही झालं. दुसऱ्या कशात आता कळत नाही."

"मग सांगितलं का नाहीस?" साहेबांचा आवाज खाली आला होता.

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी खोकी आणली असतीस."

सूनबाई खाली बसली आणि वाट्यांचे कागद सोडायला लागली.

मला वाटलं, आता ताई माझ्याकडे बघेल आणि म्हणेल, बरं झालं बोललीस. तिने बघितलं खरं. "रविवारी तुला कळलं होतं?" तिने विचारलं.

"हो."

"म्हणजे चार दिवस."

"ताई, मी..."

"चार दिवस मी भिंतींना विचारत होते, मला वेड लागलंय का. तू समोर बसून चहा पीत होतीस." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "घरी जा, पाना."

मी गेले. साहेब खोकी रिकामीच घेऊन गेले. ताई तिच्या घरात राहिली. पण माझा फोन तिने तीन आठवडे उचलला नाही, आणि मी दारात गेले तर शिंपी ओशाळून म्हणायचा, "झोपल्यात." भर दुपारी, ताई, झोपलेली! आयुष्यात कधी झोपली नाही ती दुपारची. मी रागाने घरी यायचे आणि कुणावर काढू कळायचं नाही.

मग एका सकाळी शिंपी माझ्या दारात एक बरणी ठेवून गेला. आत गाजर, मिठाच्या पाण्याखाली नीट दाबलेलं. तोंडाला त्याच्याच दुकानातल्या कापडाचा तुकडा, दोऱ्याने बांधलेला. झाकण नव्हतं. झाकण तिने ठेवून घेतलं होतं.

मी एका दिवसात बरणी संपवली, धुतली आणि तशीच घेऊन निघाले. दार तिनेच उघडलं. माझ्याकडे बघितलं, बरणीकडे बघितलं, ती हातातून काढून घेतली आणि म्हणाली, "हात मागे."

"काय?"

"हात मागे घे आणि आत ये."

मी साठीची बाई, शाळेतल्या पोरीसारखी पाठीमागे हात बांधून तिच्या स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर नव्या नऊ बरण्या होत्या. तिने माझी मान धरून एकीजवळ वाकवली. सैल झाकणाखालून बारीक, न थांबता आवाज येत होता, बुडबुडे फुटायचा.

"ऐकू येतं?"

"येतं."

"त्या शनिवारी फोनवर मी तुला हेच सांगत होते," ती म्हणाली.